साक्षी आणि साक्ष : दुःख, मृत्यू आणि मराठी ख्रिस्ती श्रद्धा

५ मे १९१८ रोजी जळगावजवळच्या भादली स्थानकात रूळ ओलांडताना त्र्यंबक बापूजी ठोंबरे आगगाडीखाली सापडून मरण पावले. धरणगावी १३ ऑगस्ट १८९० रोजी जन्मलेल्या या कवीला अठ्ठाविसावे वर्षही पुरे करता आले नाही. 'बालकवी' म्हणून महाराष्ट्राने ज्याला ओळखले त्याच्या या मृत्यूत शोकांतिकेला आवश्यक असणारे काहीही आढळत नाही. तेथे मूल्यांचा संघर्ष नाही, नायकाची निवड नाही, त्याच्या हातून घडलेला प्रमाद नाही. अपघात हा अर्थाला सर्वांत कमी वाव देणारा मृत्यू होय. त्यानंतर २३ जानेवारी १९१९ रोजी सावनेर येथे राम गणेश गडकरी गेले आणि ९ मे १९१९ रोजी मुंबईत नारायण वामन टिळक गेले. एक वर्ष आणि चार दिवस एवढ्या अवधीत मराठी कवितेने तीन कवी गमावले. त्याच काळात इन्फ्लुएंझाच्या साथीने देशभर लक्षावधी माणसे मरत होती.

या तिघांपैकी टिळक ख्रिस्ती होते, आणि ठोंबरे काही काळ त्यांच्या घरचेच होऊन राहिले होते. त्यामुळे ईश्वराला प्रेमळ पिता मानणाऱ्या श्रद्धेजवळ अशा मृत्यूविषयी बोलण्यासारखे काय असते, हा प्रश्न मराठी वाङ्मयेतिहासाच्या संदर्भात केवळ धर्मशास्त्राचा राहत नाही. तो एका विशिष्ट घराचा, एका विशिष्ट नात्याचा प्रश्न ठरतो. १९०७ मध्ये जळगाव येथे भरलेल्या कविसंमेलनात सतरा वर्षांच्या ठोंबऱ्यांच्या कवितेने जमलेल्या कवींना थक्क केले. संमेलनाचे अध्यक्ष कर्नल कीर्तिकर यांनी त्यांना 'बालकवी' ही उपाधी दिली. टिळक पतिपत्नींनी या मुलाला आपला मानला आणि तो पुढे अहमदनगरास (आजच्या अहिल्यानगरास) त्यांच्या घरी राहिला. लक्ष्मीबाईंच्या 'स्मृतिचित्रे'मध्ये ठोंबरे येतात ते घरातले माणूस म्हणून. ते ख्रिस्ती झाले नाहीत. म्हणजे हा प्रश्न विचारला गेला तो ख्रिस्ती घरात, आणि ज्याच्या निमित्ताने तो उभा राहिला तो त्या घराचा बाप्तिस्मा न घेतलेला मानसपुत्र होता. श्रद्धेच्या परीक्षेला याहून अवघड प्रसंग कल्पिणे कठीण आहे. ख्रिस्ती मृताविषयी बोलताना जी ठरीव आश्वासने उपलब्ध असतात, त्यांचा आधारही येथे सहज घेता येत नव्हता.

अशा मृत्यूला अर्थ देणाऱ्या दोन परंपरागत उत्तरांचा विचार आधी करावयास हवा. पहिले उत्तर कर्मसिद्धान्ताचे आहे. अकाली मरणामागे पूर्वसंचित असते, असे मानले की विश्वातील नैतिक हिशेब जुळतो. या उत्तराचे बळ त्याच्या सर्वव्यापकतेत आहे, कारण त्यातून कोणतेही दुःख निसटत नाही. त्याची मर्यादाही नेमकी तीच होय. ज्याच्यावर दुःख कोसळले आहे त्यालाच ते उत्तर ऋणको ठरवते आणि हिशेब जुळविण्याचे काम मात्र बाजूला उभा असलेला माणूस करीत असतो.

दुसरे उत्तर गीतेचे. त्याचा एक थोर आविष्कार खानदेशातच झाला. २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेच्या एकेका अध्यायावर प्रवचन दिले आणि साने गुरुजींनी ती अठरा प्रवचने लिहून घेतली. आत्म्याची अमरता, देहाची क्षणभंगुरता आणि स्वधर्माची अबाध्यता ही दुसऱ्या अध्यायातील सूत्रे तेथे सांगितली गेली ती बंदिवासातल्या माणसांना. त्यांना दुःखाचा अनुभव नव्हता असे म्हणणे अन्यायाचे होईल. या दृष्टीत देहाचे जाणे हा आत्म्याचा नाश नव्हे. वस्त्र बदलावे तसे ते आहे. सुखदुःखांकडे अलिप्तपणे पाहणारा तो 'साक्षी'. साक्षी पाहतो, परंतु जे घडते त्याने तो लिप्त होत नाही. वेदान्ताच्या परिभाषेत या शब्दाला फार मोठी प्रतिष्ठा आहे आणि मराठी संतवाङ्मयाने तो घरोघर पोहोचविला आहे.

हाच शब्द मराठी ख्रिस्ती व्यवहारात अगदी वेगळ्या अर्थाने रूढ झाला, ही गोष्ट प्रस्तुत विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे. मराठी ख्रिस्ती मंडळीत माणूस 'साक्ष देतो'. आपल्या आयुष्यात काय घडले ते तो उपासनेत उभा राहून सांगतो. येथील साक्षीदार वेदान्तातल्या साक्षीसारखा अलिप्त नाही; तो न्यायालयातल्या साक्षीदाराच्या जवळचा आहे. तो घटनास्थळी हजर होता, घटनेचा त्याच्यावर परिणाम झालेला आहे, आणि जे सांगितले त्याची जबाबदारी त्याच्यावर आहे. ज्या ग्रीक शब्दाचा हा अनुवाद, त्याच शब्दाला पुढे 'श्रद्धेसाठी प्राण देणारा' असा अर्थ आला. साक्षी दुःखाच्या पलीकडे असतो, साक्ष देणारा दुःखाच्या आत असतो. एकाच शब्दकुळातील हे दोन अर्थ मृत्यूकडे पाहण्याच्या दोन रीती सूचित करतात. टिळकांच्या घराने कोणती रीत स्वीकारली आणि तिचे वाङ्मयीन रूप कोणते झाले, हा येथील खरा प्रश्न आहे.

ख्रिस्ती परंपरेनेही स्पष्टीकरणाचा मोह टाळलेला नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. ईश्वर सर्वशक्तिमान व सर्वथा भला असताना जगात दुःख का, याचा तर्कशुद्ध उलगडा करण्याचा प्रयत्न लायबनित्सने १७१० मध्ये केला. १७५५ च्या लिस्बन भूकंपानंतर व्हॉल्टेअरने त्या आशावादाची जी रेवडी उडविली, तिच्यातून तो पुन्हा पूर्वीच्या दिमाखाने कधी उभा राहिला नाही. परंतु व्हॉल्टेअरच्या कितीतरी आधी हा आक्षेप बायबलमध्येच नोंदला गेला होता. ईयोबाचे तीन मित्र त्याच्या सांत्वनासाठी येतात आणि त्याची अवस्था पाहून सात दिवस व सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहतात. ते बोलू लागतात तेव्हा त्यांचे चुकते. दुःखामागे पाप असलेच पाहिजे, हा त्यांचा सिद्धान्त कर्मविपाकाच्या लोकप्रिय रूपाहून फार वेगळा नाही. ग्रंथाच्या अखेरीस ईश्वराचा कोप होतो तो ईश्वराची बाजू मांडणाऱ्या या मित्रांवर. ईश्वराशी भांडणारा ईयोब योग्य ठरतो. योहानाच्या शुभवर्तमानात जन्मांध मनुष्याविषयी शिष्य विचारतात, की पाप कोणाचे, त्याचे की त्याच्या आईबापांचे? येशू दोन्ही पर्याय नाकारतो, आणि त्या माणसाच्या ठायी ईश्वराचे कार्य प्रकट होण्याकडे बोट दाखवून लगेच त्याला दृष्टी देण्याच्या कामाला लागतो. त्याच्या या उत्तरातही हेतूची भाषा आहे, हे खरे. परंतु ती आंधळ्याला दोषी ठरवीत नाही, आणि बोलणाऱ्याला तेथून निघून जाऊ देत नाही.

मृत्यूच्या बाबतीत ख्रिस्ती दृष्टी गीतेच्या दृष्टीपासून आणखी एका मुद्द्यावर वेगळी होते. १९५५ मध्ये हार्वर्ड येथे दिलेल्या व्याख्यानात ऑस्कर कुलमान यांनी सॉक्रेटिसाच्या आणि येशूच्या मृत्यूची तुलना केली. आत्मा अमर आहे या खात्रीने सॉक्रेटिस शांतपणे विषाचा प्याला घेतो, तर येशू मृत्यूपूर्वी व्याकूळ होतो आणि वधस्तंभावर बाविसाव्या स्तोत्राच्या शब्दांत ईश्वराने आपल्याला का टाकले असे ओरडतो. ख्रिस्ती श्रद्धेच्या लेखी मृत्यू भास नाही, वस्त्रांतर नाही. पौलाच्या भाषेत तो शेवटचा शत्रू आहे. आत्म्याच्या स्वाभाविक अमरत्वावर तिची आशा उभी नाही. मृत्यू खरा आहे, आणि ईश्वर मेलेल्याला उठवील, या दोन विधानांवर ती एकदम उभी आहे. म्हणून लाजराच्या थडग्यापाशी, तो थोड्याच वेळात उठणार हे ठाऊक असतानाही, येशूला रडू येते. शोक हे अज्ञानाचे लक्षण आहे असे जेथे मानले जात नाही, तेथे रडण्याला आणि रडण्याच्या वाङ्मयाला वेगळी प्रतिष्ठा मिळते.

अर्थात मराठीत ही प्रतिष्ठा केवळ बायबलमधून आलेली नाही. आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्तापाशी पोहोचलो, ही टिळकांची भूमिका सुप्रसिद्ध आहे. त्या सेतूचा एक खांब दुःखाचा आहे. १६३० च्या दुष्काळाने तुकारामांचे घर उद्ध्वस्त केले आणि त्यांच्या अभंगांत विठ्ठलाशी जे उघड भांडण आहे त्याचे स्तोत्रकर्त्यांच्या विलापाशी जवळचे नाते आहे. वेदान्ती साक्षिभावाशेजारीच वारकरी कवितेत ही कळवळणारी, जाब विचारणारी वाणी नांदत आली. टिळकांनी तीच उचलली. शाळकरी पिढ्यांना पाठ असलेल्या 'केवढे हे क्रौर्य!' या त्यांच्या कवितेत पारध्याच्या बाणाने घायाळ झालेली पक्षीण पिलांसाठी घरट्याकडे धडपडते. निरपराध जिवाच्या यातनेचा कार्यकारणभाव सांगण्याची इच्छा त्या कवितेला नाही. तिच्या शीर्षकातच उद्गारचिन्ह आहे, आणि त्या उद्गाराचा रोख कोणत्याही तत्त्वज्ञानाने बोथट होऊ नये अशीच तिची रचना आहे.

तथापि या जीवनदृष्टीचा पूर्ण आविष्कार टिळकांच्या कवितेपेक्षा लक्ष्मीबाईंच्या गद्यात झाला, असे म्हणावे लागते. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला. त्यानंतर लक्ष्मीबाई काही वर्षे त्यांच्यापासून दूर राहिल्या आणि १९०० मध्ये स्वतः ख्रिस्ती झाल्या. नवऱ्याच्या धर्मांतराने मोडलेला संसार, आप्तांचे तुटणे, दुष्काळाने पोरक्या केलेल्या मुलांना घरात घेणे, आजारपणे, मरणे हे सारे 'स्मृतिचित्रे'त आहे. १९३४ पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथेत सिद्धान्त मात्र जवळजवळ नाही. औपचारिक शिक्षण फारसे न लाभलेली ही लेखिका 'असे का झाले' याचे उत्तर शोधीत बसत नाही. काय झाले, कोण जवळ होते, कोण काय म्हणाले, चूल कशी पेटली, एवढेच ती सांगते; आणि सांगताना स्वतःला व टिळकांना हसण्याची मुभा वाचकाला देते. टिळकांचा संताप, विसराळूपणा आणि हाती आलेला पैसा वाटून टाकण्याची त्यांची सवय ती लपवीत नाही. ही न्यायालयातल्या सच्च्या साक्षीदाराची रीत आहे. त्याने मत देऊ नये, पाहिले ते सांगावे, आणि आपल्या पक्षाला गैरसोयीचे असेल तेही सांगावे.

मराठी समीक्षेने 'स्मृतिचित्रे'च्या निवेदनाची, विनोदाची आणि बोलीच्या सहजतेची भरभरून वाखाणणी केली. मात्र लेखिकेची श्रद्धा ही चरित्राची बाब आणि शैली ही साहित्याची बाब, अशी वाटणी तिने बहुधा गृहीत धरली. 'ख्रिस्ती साहित्य' हा वेगळा कप्पा करून त्यातून ही एक कलाकृती बाहेर काढून घेण्याचा तो प्रकार होता. या वाटणीत काहीतरी महत्त्वाचे निसटते. दुःख सांगताना निवेदिका उपदेश करीत नाही याचे कारण केवळ तिच्या कलात्मक संयमात नाही. सांगणाऱ्याने घडलेल्याशी प्रामाणिक राहावे, निवाडा त्याचा नव्हे, या श्रद्धेतही ते आहे. ज्या निवेदनाला समीक्षा वास्तवदर्शी म्हणते, त्याला मंडळीच्या भाषेत साक्ष म्हणतात. दोन्ही नावे एकाच गुणाची आहेत हे मान्य केले, तर ख्रिस्ती श्रद्धा ही या कृतीच्या आशयाबरोबर तिच्या रूपाचाही घटक ठरते.

'ख्रिस्तायन'चा इतिहास या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्याचा संकल्प टिळकांनी सोडला. दहा-अकरा अध्यायांच्या आसपास तो मृत्यूने थांबविला. लक्ष्मीबाईंनी पुढचे ६४ अध्याय रचून ते काव्य पुरे केले. २४ फेब्रुवारी १९३६ रोजी त्या गेल्या आणि ग्रंथ त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाला. या दोन लेखण्यांतील गुणवत्तेची तुलना समीक्षेने करावी. परंतु मृत्यूविषयक चिंतन म्हणून पाहता, गेलेल्या माणसाच्या अर्धवट ओळीच्या पुढे लिहिणे ही कृती स्वतःच एक विधान करते. मृत्यूने काम तोडले हे ती नाकारीत नाही, कारण सांधा दिसतोच. आणि तोडलेले काम तसेच पडू द्यावे हेही ती मानीत नाही.

टिळकांनी आपल्या अंत्यविधीविषयी लिहून ठेवलेली इच्छाही याच सुराची आहे. देहाच्या पुनरुत्थानावर विश्वास असणाऱ्या मंडळीत दफनाचा प्रघात रूढ असताना आपल्या देहाचे दहन व्हावे आणि रक्षा अहमदनगरला न्यावी, असे त्यांनी सांगितले. आपल्या भूमीच्या रीतीशी असलेले नाते मरणातही तुटू नये, ही भावना त्यात उघड आहे. त्याचबरोबर पुनरुत्थान मानवी देहाच्या जतनावर अवलंबून नाही, ही श्रद्धाही त्यात आहे. जो ईश्वर मातीतून उठवू शकतो त्याला राखेची अडचण नसावी.

या भूमिकेवर दोन गंभीर आक्षेप संभवतात. पहिला दस्तयेवस्कीच्या इव्हान करामाझोव्हचा. निरपराध मुलाच्या एका अश्रूच्या मोलाने मिळणारी अंतिम संगती आपल्याला नको, असे म्हणून तो ईश्वराला त्या संगतीच्या प्रवेशाचे तिकीट परत करतो. साक्षीच्या श्रद्धेजवळ या आक्षेपाचे खंडन नाही. तिला एवढेच म्हणता येते, की वधस्तंभावरील ईश्वर संगतीच्या बाजूला नसून त्या मुलाच्या बाजूला आहे. हे उत्तर ज्याला पुरेसे वाटणार नाही त्याला तर्काने गप्प करण्याचा अधिकार तिला नाही. दुसरा आक्षेप इतिहासाचा आहे. साक्षीचे रूपांतर प्रचारात फार लवकर होते. १८९९-१९०० च्या दुष्काळात मिशनांनी असंख्य पोरक्या मुलांचे प्राण वाचविले. त्याच वेळी भुकेल्याच्या असहायतेत ईश्वराचा हेतू वाचण्याची आणि मदतीची सांगड धर्मांतराशी घालण्याची वृत्तीही त्या काळच्या मिशनकार्यात होती. परक्याचे दुःख आपल्या सिद्धान्ताचा पुरावा म्हणून वापरले, की बोलणारा ईयोबाच्या मित्रांच्या पंक्तीत जाऊन बसतो. ठोंबऱ्यांच्या मृत्यूचा असा वापर कोणी करू म्हटले असते तर ते सोपे होते. 'पारवा', 'खेड्यातील रात्र' अशा कवितांतील काळोख दाखवून ख्रिस्ताविना कविहृदय असेच व्याकूळ होते, असे प्रवचन रचता आले असते. लक्ष्मीबाईंचे ठोंबरे अशा प्रवचनाचा दाखला होत नाहीत. हट्टी, लहरी, लाघवी असे ते ठोंबरेच राहतात.

शिवाय स्पष्टीकरणाला नकार देण्याचा मक्ता ख्रिस्ती श्रद्धेकडे नाही. याचा पुरावा भादलीपासून फार दूर नसलेल्या असोद्यात मिळतो. १८८० मध्ये तेथे जन्मलेल्या बहिणाबाई चौधरींना ऐन संसारात वैधव्य आले. त्यांच्या तोंडच्या ओव्या त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये ग्रंथरूपाने आल्या. त्यांतील एका कवितेत ही विधवा शेतकरीण नशीब सांगू पाहणाऱ्या जोतिष्याला दारातून परत पाठवते. तळहाताच्या रेषांत दुःखाचे कारण वाचू पाहणाऱ्या विद्येवर तिचा विश्वास उरलेला नाही. तिचा भरवसा आपल्या हातांवर आणि पेरलेल्या मातीवर आहे. शिक्षणाचा आधार नसताना बहिणाबाई आणि लक्ष्मीबाई या दोघी एकाच निष्कर्षापर्यंत आल्या, ही गोष्ट विचार करायला लावणारी आहे. दुःख पंडितांना समस्या म्हणून भेटते. या दोघींना ते उद्याच्या स्वयंपाकाबरोबर आणि पेरणीबरोबर भेटले.

मग ख्रिस्ती श्रद्धेचे वेगळेपण उरते कोठे? बहिणाबाईंचा विश्वास उगवणाऱ्या बीजावर आहे. निसर्गाचे चक्र फिरते, जीवन पुढे जाते. परंतु चक्र फिरले तरी गेलेला विशिष्ट माणूस परत येत नाही, आणि शोक नेहमी त्या विशिष्ट माणसासाठी असतो. पीक पुन्हा येईल, पण ठोंबरे येणार नाहीत. ख्रिस्ती श्रद्धा नेमका या विशिष्टाचा आग्रह धरते. आत्मतत्त्व नव्हे, जातिसातत्य नव्हे, तर नावागावाचा, आवाजाचा, खोडीचा तोच माणूस ईश्वरापाशी हरवत नाही, असे ती म्हणते. हे म्हणणे सिद्ध करता येत नाही. ते खोटे असेल तर फार मोठी फसवणूक आहे, हे पौलानेही मान्य केले होते. मात्र असा आग्रह धरणाऱ्याला मृताचे सामान्यीकरण करता येत नाही. त्याला त्याचे चित्र नीट, खरे, त्याच्या सर्व विसंगतींसह काढावे लागते. स्मृतिचित्रण हा वाङ्मयप्रकार या श्रद्धेला इतका मानवतो तो यामुळेच.

उरतो तो बाप्तिस्म्याचा प्रश्न. कठोर सिद्धान्तानुसार ठोंबऱ्यांच्या गतीविषयी काही विधान करणे टिळकांच्या घराला शक्य होते, आणि त्या विधानाने त्या घराचे काळीज चिरले असते. साक्ष देणाऱ्याची मर्यादा येथे त्याच्या मदतीला येते. त्याने पाहिलेले सांगायचे असते, निवाडा त्याच्या अधिकारात नसतो. लक्ष्मीबाईंनी जे पाहिले ते एवढे, की जळगावच्या संमेलनात एक पोरसवदा कवी भेटला, तो आपल्या घरी राहिला, त्याने रुसवे धरले, कविता केल्या, आणि एके दिवशी तो गेल्याची बातमी आली. त्या कवीचे नाव साहित्याच्या इतिहासात 'बालकवी' असे आहे; त्यांच्या पुस्तकात तो शेवटपर्यंत घरचा मुलगा राहिला.